पारकरसाहेबांचा डावा हात

बशीर पारकरांना डावं-उजवं कळत नसे, आणि आमच्या कंपनीत ते सेफ्टी ऑफिसर होते. ही दोन्ही विधानं खरी आहेत. अल खफजीत इतकी वर्षं त्यांच्या सोबतीत काढूनही ती एकाच माणसात कशी नांदत होती, हे मला कधी उमगलं नाही.

अगदीच कळत नसे असंही नाही. हात बरोबर जायचा, तोंड चुकायचं. "इथून लेफ्ट घ्या," असं म्हणताना त्यांचा हात ठामपणे उजवीकडे गेलेला असायचा, आणि जायचंही उजवीकडेच असायचं. हे त्यांना स्वतःला पक्कं माहीत होतं. नव्या माणसाला ते पहिल्याच दिवशी सांगून टाकत, "माझ्या तोंडावर जाऊ नका. हाताकडे बघा. समजलाव?" अडचण अशी, की अधूनमधून तोंडही बरोबर निघायचं. त्यामुळे ते जे म्हणतील त्याच्या उलट करावं, असाही नियम बसवता येत नसे. एकदा आगीच्या तालमीत त्यांनी लाउडस्पीकरवरून सूचना दिल्या. लाउडस्पीकरला हात नसतो. निम्मं ऑफिस मागच्या दाराने बाहेर पडलं आणि उरलेलं स्टोअररूममध्ये जाऊन उभं राहिलं. पारकर बाहेर पार्किंगमध्ये आमची वाट बघत होते. सगळा घोळ कळल्यावर ते ओशाळले वगैरे नाहीत. म्हणाले, "म्हणून तर तालीम घ्यायची असते."

ते दापोलीकडच्या किनाऱ्यावरचे. ठेंगणे, रुंद खांद्यांचे, मेंदीने तांबूस झालेली आखूड दाढी. ऑफिसात इंग्रजी, बाजारात अरबी, माझ्याशी मराठी, आणि घरी फोनवर बायकोशी बोलायला लागले की त्यांची ती भरभर कोकणी. ती मला निम्मीच कळायची. बायको गावी. इथे ते एकटेच राहत.

माझी त्यांची ओळख जिन्यावर झाली. मी नवाच रुजू झालो होतो, घाईघाईत उतरत होतो. खालून आवाज आला, "साहेब, परत वर जा."

मला वाटलं, खाली काहीतरी सांडलंय. मी परत वर गेलो.

"आता कठडा धरून या."

मी कठडा धरून खाली आलो. त्यांनी हात पुढे केला, नाव सांगितलं, माझं विचारलं. "साठे? पुण्याचे? बरं. शुक्रवारी काय करता?"

"झोपतो," मी म्हणालो. खफजीत शुक्रवारी दुसरं काय करणार? एका बाजूला समुद्र, एका बाजूला कुवेतकडे जाणारा रस्ता, मध्ये आमच्यासारख्या तेलाच्या कामावरच्या माणसांच्या इमारती.

"या शुक्रवारी दुपारी, असरच्या नमाजानंतर खाली उभे राहा. बूट घाला. चपला घालून आलात तर परत पाठवीन."

कशासाठी ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मी हो का म्हणालो ते मला अजून माहीत नाही.

शुक्रवारी त्यांनी मला दम्मामच्या रस्त्यावरून आत, वाळूच्या टेकड्यांपाशी नेलं. तिथे एका येमेनी माणसाने पत्र्याची शेड टाकून दब्बाब भाड्याने द्यायचा धंदा मांडला होता. दब्बाब म्हणजे चार फुगीर चाकांची, मोटारसायकलीसारखं हँडल असलेली वाळूतली गाडी. सौदी पोरं तिच्यावरून टेकड्या चढत-उतरत बोंबलत फिरतात. पन्नाशी ओलांडलेला, जिन्यावर कठडा धरायला लावणारा हा माणूस या गाडीवर बसणार, हे मला खरंच वाटेना.

पण बसायला वेळ होता. आधी त्यांनी गाड्या तपासल्या. ब्रेक दाबून बघितले, अ‍ॅक्सिलरेटर पिळून सोडला आणि तो आपोआप मागे येतो की अडकतो ते बघितलं, चाकांतली हवा थोडी कमी करायला लावली. प्रत्येक गाडीच्या मागे लांब लवचीक काठी, तिच्या टोकाला नारिंगी झेंडा. "टेकडीच्या पलीकडून कोण येत असेल तर आपण दिसायच्या आधी झेंडा दिसतो." मग हेल्मेट, गॉगल, पाणी. मग माझ्या घरी फोन. "वहिनी, आम्ही येमेन्याच्या शेडपासून आत चाललोत. सूर्य बुडून मगरिबची बांग होईपर्यंत आलो नाय तर त्याला फोन करा, हा नंबर." माझ्या बायकोला, अनघाला, काहीच कळलं नाही. ती मला विचारत राहिली, कुठे चाललायस तू नक्की?

एवढं झाल्यावर ते म्हणाले, "चला," आणि गाडी तिथेच ठेवून चालायला लागले.

"गाडी?"

"गाडी नंतर. आधी पाय."

पहिली टेकडी आम्ही चालत चढलो. घोट्यापर्यंत पाय रुतत होते. वर पोचलो आणि मी दोन पावलं मागे आलो. अलीकडची बाजू घसरगुंडीसारखी हळूहळू चढत आली होती, पण पलीकडे वाळू भिंतीसारखी सरळ खाली तुटली होती. "वारा हे करतो," पारकर म्हणाले. "खालून दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. जोरात चढलात की वर आल्यावर कळतं, नि मग कळून काय उपयोग?" मग आणखी सांगितलं: उतारावर आडवं जायचं नाही, गाडी कलंडते, चढताना-उतरताना नाक सरळ. पांढरट, ओलसर चमकणारी जमीन दिसली की तिथे जायचं नाही, ती सबखा, वरचा मिठाचा पापुद्रा फुटला की गाडी पोटापर्यंत आत. वाळूत जुनं लोखंड दिसलं तर हात लावायचा नाही, इथे युद्ध झालंय. आणि एकट्याने कधीही, कधीही नाही.

"आता सगळं समजलाव?"

मी हो म्हणालो. मग त्यांनी मला डावीकडे जायला सांगून उजवीकडे हात केला, आणि आमची पहिली सफर सुरू झाली.

त्यानंतर जवळजवळ दर शुक्रवारी कोणी ना कोणी त्यांच्याबरोबर असे. मी तर असेच. पण ते वाट कशी शोधत, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. नकाशा त्यांना मान्य नव्हता. फोनमधला तर नाहीच. ते विचारत. आधी येमेन्याला विचारत, आज कुठून जावं? तो एक दिशा सांगे. मग वाटेत भेटणाऱ्या उंटवाल्या सुदान्याला. तो काठी वर करून दुसरीच सांगे. मग तंबू टाकून चहा पीत बसलेलं एखादं सौदी कुटुंब दिसलं, की गाडी लांब थांबवून, बायकांकडे पाठ करून, म्हाताऱ्याला सलाम करून विचारत. तो तिसरी सांगे. पारकर तिघांचे आभार मानत आणि चौथ्याच दिशेने निघत.

एकदा मी वैतागून म्हणालो, "पारकरसाहेब, तिघांनी तीन वाटा सांगितल्या. यातलं खरं कोण?"

"तिघंही खरे. तो परवा गेलेला, तो काल, तो आज सकाळी. वाळू हलते ना."

"मग आपण चौथीकडे का चाललोय?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, जणू मी काहीतरी अवघड विचारलं होतं. "आपण आता चाललोत ना," ते म्हणाले.

हे उत्तर मी घरी येऊन अनघाला सांगितलं. तिला ते पटलं. मला अजून नीट पटलेलं नाही. आमची सई तेव्हा सहावीत होती. तिला एकदा बरोबर नेलं होतं. गाडीवर नाही, नुसतं टेकडीवर चालायला. पारकर तिसऱ्या म्हाताऱ्याशी बोलत असताना तिने माझी बाही ओढली. "बाबा, इज ही लॉस्ट?" मी म्हणालो, नाही. मग थोड्या वेळाने म्हणालो, माहीत नाही.

एवढं मात्र खरं, की त्यांच्याबरोबर गेलेल्या कुणाला तोवर कधी खरचटलंसुद्धा नव्हतं. नियमांत ते माणूस बघत नसत. आमच्या अकाउंट्समधल्या कुलकर्ण्यांचा मेव्हणा रियाधहून आला होता, बँकेत मोठ्या हुद्द्यावर. त्याने झेंडा लावायला नकार दिला. "मी रियाधजवळच्या लाल वाळूत दर महिन्याला जातो, हे लहान मुलांचं काम आहे," असं काहीतरी बोलला. पारकरांनी शांतपणे त्याच्या गाडीची किल्ली काढून येमेन्याच्या हातात दिली. मग आमच्याही काढून दिल्या. "आज नाय," म्हणाले. बायका-मुलं डबे घेऊन आलेली. सगळ्यांनी समजावलं, मेव्हण्यानेही शेवटी झेंडा लावायची तयारी दाखवली. "आज नाय." आम्ही शेडच्या सावलीत बसून पोहे खाल्ले आणि परत आलो. कुलकर्णी पुढे बरेच दिवस त्यांच्याशी बोलत नव्हते. पारकरांच्या ते लक्षातच आलं नाही. ते रोज कुलकर्ण्यांना "कसे आहात?" विचारत आणि उत्तराची वाट न बघता पुढे जात.

म्हणून पुढच्या गोष्टीने मी चक्रावून गेलो.

सौदीकरणाचे दिवस होते. आमची कंपनी कंत्राटी. सौदी माणसं पुरेशी नाहीत म्हणून ती सरकारच्या निताकत नावाच्या रंगांच्या वर्गवारीत पिवळ्यात गेली होती. पिवळ्यातून लाल झाली की कुणाचेच इकामे, म्हणजे इथे राहायचे परवाने, वाढणार नाहीत, अशी कुजबुज रोज मेसमध्ये चालायची. ऑफिसातल्या कुठल्या खुर्च्या सौदींना द्यायच्या, हे वर कुठेतरी ठरत होतं. आम्ही एकमेकांकडे बघताना हा राहणार की जाणार, एवढंच बघत होतो.

अशात एका मंगळवारी संध्याकाळी मी साइटवरून पिकअपने परत येत होतो. रस्त्याच्या कडेने, सपाट वाळूत, एक दब्बाब सुसाट चालली होती. झेंडा नाही. हेल्मेट नाही. आसपास दुसरी गाडी नाही. वर बसलेल्याची मेंदीने तांबूस झालेली दाढी मला स्पष्ट दिसली. मी ड्रायव्हरला थांब म्हणेपर्यंत ती टेकडीमागे गेली.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना विचारलं, "काल तुम्ही दब्बाबवर होतात?"

"कोण? मी? मंगळवारी?"

"हेल्मेट नव्हतं."

"मग मी कसा असेन?" ते म्हणाले आणि बोलता बोलता बूट काढून झटकला. मूठभर वाळू फरशीवर पडली. आम्ही दोघांनी तिच्याकडे बघितलं.

त्या महिन्याच्या शेवटी कळलं, की सेफ्टी ऑफिसरची जागा सौदी माणसाला जाणार आणि पारकरांना फायनल एक्झिट, म्हणजे देश कायमचा सोडायचा शिक्का, मिळणार. त्यांना ते त्या मंगळवारी सकाळीच सांगितलं होतं.

जागेवर येणाऱ्या मुलाचं नाव तुर्की. जिद्दाचा, पंचविशीतला, सेफ्टीचा डिप्लोमा केलेला. अंगाला उंची अत्तर, हातात दोन फोन. पारकरांनी जायच्या आधी त्याला तयार करायचं होतं. मेसमध्ये सगळ्यांना वाटत होतं, की पारकर त्याला अर्धवटच शिकवतील. कोणीही तेच केलं असतं. पारकरांनी त्याला पहिल्याच दिवशी जिन्यावरून परत वर पाठवलं.

तुर्की हसला आणि वर गेला. हे असं तीन-चार वेळा झाल्यावर तो हसेनासा झाला आणि कठडा धरायला लागला. मग एकदा जेवताना त्याने कबूल केलं, की वाळवंटात तो कधी गेलेलाच नाही. "विमानातून बघितलंय." पारकर घास हातात धरून त्याच्याकडे बघत राहिले. दापोलीच्या किनाऱ्यावरचा माणूस जिद्दाच्या माणसाला वाळवंट दाखवायला निघाला. तुर्कीलाही बूट घालावे लागले. तोही आधी टेकडीवर चालत गेला, तोही वरून खाली बघून मागे सरला. त्या दोघांचं काय जमलं होतं, सांगता येत नाही. एकाची नोकरी दुसऱ्याला जात होती, आणि दोघं शुक्रवारची वाट बघत होते.

पारकरांची निघायची वेळ आठवड्यावर आली, तेव्हाच्या शुक्रवारी ते तुर्कीला म्हणाले, "आज पुढे तू."

पुढे तुर्की, मध्ये मी, मागे पारकर. वारा होता, वाळू सापासारखी जमिनीलगत पळत होती. एका दुफाट्यापाशी तुर्की थांबला. पारकर गाडीवरून उतरून पुढच्या टेकडीवर चालत जाऊन आले, परत आपल्या गाडीपाशी उभे राहिले आणि ओरडून काहीतरी म्हणाले. हात केला. तुर्कीची पाठ आमच्याकडे होती. त्याने मान हलवली आणि डावीकडे चढला. मला त्याचा झेंडा माथ्यावर दिसला, मग झेंडा आडवा झाला, मग दिसेना.

मी नुसता बसून राहिलो. पारकर माझ्या बाजूने धावत गेले. जाता जाता ओरडले, "वर उभे राहा, हात हलवत राहा, मागून कोणी येता कामा नये!" मी माथ्यावर जाऊन हात हलवत उभा राहिलो. खाली तुर्की पडला होता, गाडी त्याच्यापासून लांब उलटी, चाकं फिरत होती. पारकरांनी त्याला हलवलं नाही. आधी बोलतं केलं, बोटं हलवायला लावली, मग त्याचाच डोक्याचा रुमाल घेऊन हात छातीशी बांधला. येमेन्याला फोन केला. हे सगळं करताना ते स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होते. मला वाटलं, दुआ करताहेत. खाली गेल्यावर ऐकू आलं, "राइट, लेफ्ट, राइट, लेफ्ट."

गळ्याचं हाड मोडलं होतं, दोन बरगड्यांना तडे. जीव वाचला. पण जखमी सौदी, आणि त्याला वाळवंटात नेणारा परदेशी, तोही ज्याची जागा तो सौदी घेणार होता असा. मेसमध्ये याचा अर्थ लावायला फार वेळ लागला नाही. पोलिस हॉस्पिटलात येऊन गेले. तक्रार करायची की नाही, ते घरचे ठरवणार होते. तक्रार झाली की पारकरांचा एक्झिट अडकला, आणि मग कुठवर अडकेल सांगता येत नव्हतं. कुलकर्णी इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा त्यांच्याशी बोलले. "तुम्ही तिथे नव्हतात असं म्हणा. येमेन्याशी बोलून ठेवतो. साठेही तेच म्हणतील."

"पण मी होतो," पारकर म्हणाले.

"ते आम्हाला माहीत आहे हो."

"मग?"

कुलकर्णी माझ्याकडे बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी तुर्कीचे वडील जिद्दाहून आले. कापडाचे व्यापारी, उंच, दाढीत पांढरा झुबका. सगळे त्यांना अबू तुर्की, म्हणजे तुर्कीचे वडील, असंच म्हणत होते. पारकर मला घेऊन हॉस्पिटलात गेले. खोलीत शिरून सलाम केला आणि बसायच्या आधीच, मोडक्या अरबीत सांगून टाकलं, "मी डावीकडे म्हणालो. हात उजवीकडे होता. त्याला हात दिसला नाही. चूक माझी."

"खोटं," तुर्की पलंगावरून म्हणाला. "बाबा, ते उजवीकडेच म्हणाले. मी ऐकलं. मीच मस्तीत डावीकडे गेलो."

"मी डावीकडे म्हणालो."

"उजवीकडे."

अबू तुर्कींनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं. मग माझ्याकडे. "तू होतास?"

"होतो."

"काय म्हणाला हा?"

डोक्यात हेल्मेट, खाली इंजिन चालू, वर वारा. मला 'लेफ्ट' ऐकू आलं असं वाटत होतं. पण पारकरांच्या तोंडून मी 'लेफ्ट' इतक्या वेळा ऐकलं होतं, की ते त्या शुक्रवारचं की आधीच्या कुठल्या, सांगता येईना. आणि हात उजवीकडे होता, हे मी बघितलं होतं की तो नेहमी तसा असतो म्हणून मला दिसत होता?

"मला सांगता येत नाही," मी म्हणालो.

"तू तिथे होतास ना?"

"होतो."

"मग?"

शेवटी अबू तुर्की उठले. "यल्ला, चला. जागा दाखवा."

आम्ही तिघं गेलो. त्यांच्या पायात चामडी सँडल होती. येमेन्याच्या शेडपाशी पारकर थांबले आणि म्हणाले, "बूट हवेत." मला वाटलं, आता संपलं. अबू तुर्कींनी त्यांच्याकडे रोखून बघितलं. मग शेडमधले कुणाचे तरी धुळकट बूट पायात चढवले, अंगातल्या पायघोळ थोबाचा घोळ एका हातात धरला आणि चालायला लागले.

जागा सापडेना. वाऱ्याने चाकोऱ्या पुसून टाकल्या होत्या. पारकरांनी आधी एक टेकडी दाखवली, वर जाऊन म्हणाले ही नव्हे. मग दुसरी. तीही नव्हे. अबू तुर्की घामाघूम झाले होते, पण चालत राहिले. तिसऱ्या टेकडीपाशी मोडलेल्या झेंड्याचा तुकडा सापडला.

"तू कुठे उभा होतास?"

"इथे."

"कडा कुठल्या बाजूला आहे?"

"यमीन," पारकर म्हणाले. यमीन म्हणजे उजवीकडे. हात डावीकडे गेला होता. कडाही डावीकडेच होता.

अबू तुर्कींनी हाताकडे बघितलं. तोंडाकडे बघितलं. परत हाताकडे. आणि हसायला लागले. असे हसले, की त्यांना वाळूत बसावं लागलं.

पारकर हसले नाहीत. "हसू नका," ते म्हणाले. "तुमचा पोरगा मेला असता."

अबू तुर्कींचं हसणं थांबलं. त्यांनी डोळे पुसले, ते हसण्याने आले होते की कशाने, मला ठाऊक नाही. बाजूच्या वाळूवर हात थोपटून ते म्हणाले, "बस." पारकर बसले. मीही थोडा लांब बसलो. मग अबू तुर्की म्हणाले, "महिनाभर पोरगा मला फोनवर सांगतोय, एक हिंदी माणूस मला जिन्यावरून परत परत चढवतो, वाळूत चालवतो. एवढा माझ्याशी तो वर्षात बोलला नव्हता." मग उठले, थोब झटकला. "खलास."

तक्रार झाली नाही. आम्ही सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. पारकरांनी नाही. ते उरलेले दिवस मला विचारत राहिले, "केस का नाय केली त्यानं? मी तर कबूल केलेलं." मी म्हणायचो, चांगला माणूस आहे. "चांगला आहे, पण का नाय केली?" जणू त्यांचं काहीतरी द्यायचं राहून गेलं होतं आणि आता ते कुणाकडे नेऊन द्यावं ते त्यांना कळत नव्हतं.

जायच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे जेवायला आले. अनघाने सुरमई केली होती. ती सुरेख झालीय म्हणाले आणि फारशी खाल्ली नाही. सई शाळेतलं काही इंग्रजीत सांगत होती, ते मान डोलवत होते. मग ती आत गेल्यावर मी विचारलं. त्या मंगळवारचं.

या वेळी त्यांनी बूट झटकला नाही. "तुमाला खरं सांगू? इतकी वर्षं मी लोकांना हे घाला, ते लावा करतोय. म्हटलं, आता आपली गरज नाय असं हे म्हणतात. तर बघू या, त्याच्याशिवाय कसं वाटतं."

"कसं वाटलं?"

त्यांनी पुष्कळ विचार केला. "काय नाय. कानात वारा गेला. नंतर दुखत होता कान."

अनघा हसली. मी हसावं की नाही, ते ठरवत राहिलो. त्या दिवशी त्यांच्या मनात तेवढंच होतं का, हे मी पुढे विचारलं नाही.

सकाळी दम्मामच्या विमानतळावर त्यांना तुर्कीचे वडील सोडणार होते. ते मुलासाठी खफजीतच राहिले होते. पारकरांनी आम्हाला घरी यायला मनाई केली होती. "निरोप-बिरोप नको." म्हणून आम्ही गावाबाहेरच्या पेट्रोलपंपापाशी जाऊन उभे राहिलो. मी, अनघा, सई, कुलकर्णी, येमेनी शेडवाला, मेसमधली काही माणसं. अनघाने खोबऱ्याच्या वड्यांचा डबा आणला होता.

पांढरी गाडी आली. वेग कमी झाला. अबू तुर्की चालवत होते, मागच्या सीटवर गळ्यात हात बांधलेला तुर्की. पुढे पारकर, पट्टा लावलेला, डोकं खिडकीच्या काचेला टेकलेलं, डोळे मिटलेले. आम्ही हात वर केले. तुर्कीने आम्हाला बघितलं, पारकरांकडे बघितलं, आणि ओठांवर बोट ठेवलं. गाडी थांबली नाही. पण ती अगदी माझ्यासमोरून गेली, आणि मला त्यांचा मांडीवरचा हात दिसला. त्याची बोटं हळूहळू हलत होती, एकामागून एक, जाग्या माणसाची हलतात तशी.

गाडी रस्त्याला लागली. सई तिच्या दिशेने हात हलवत राहिली.

"झोपलेत का हो?" अनघाने विचारलं. डबा तिच्या हातातच होता.

"हो," मी म्हणालो.